गावाकडचं बंद घर पाहुण्यांना देताना: आधी हिस्से, मग हिशेब

रायगड-रत्नागिरीच्या किनाऱ्यावर आपल्या लोकांची किती घरं वर्षातले दहा-अकरा महिने कुलपात असतात, हे गावात राहणाऱ्यांना वेगळं सांगायला नको. मुरूड, राजपुरी, श्रीवर्धन, बाणकोट, हर्णै, दाभोळ, कुठल्याही मोहल्ल्यात एक चक्कर मारा. एक भाऊ कुवेतला, दुसरा मुंब्र्यात, बहिणी लग्न होऊन आपापल्या घरी. घर उघडतं ते ईदला, मे महिन्यात, नाहीतर कुणाच्या लग्नाला. बाकीचे दिवस तिथे वाळवी आणि बुरशी राहते.

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूला धडकलं, तेव्हा पत्रे आणि कौलं उडाली, नारळ-सुपारीच्या वाड्या आडव्या झाल्या. त्यानंतर अनेक घरांना बाहेरून आलेल्या पैशातून नवं छप्पर मिळालं. छप्पर झालं, पण राहायला कोणी नाही. दर पावसाळ्याआधी डागडुजी कोणी करायची, यावर भावाभावांत फोनवर कुरबुर चालूच. अशा वेळी घरातलाच एखादा तरुण म्हणतो, "एअरबीएनबीवर टाकू या ना! शनिवार-रविवार मुंबई-पुण्याची गर्दी असते."

कल्पना वाईट नाही. आम्ही स्वतः शाळेत शिकवतो आणि सुट्टीच्या दिवसांत घरच्या दोन खोल्यांची व्यवस्था बघतो, त्यामुळे हे काम नोकरी सांभाळून होऊ शकतं, एवढं आम्ही सांगू शकतो. पण यात अडचण पाहुण्यांमुळे फार क्वचित येते. अडचण येते ती घर कोणाचं आहे, हे लिहून ठेवलेलं नसल्यामुळे.

घर नेमकं कोणाचं?

बहुतेक घरं आजही मरहूम आजोबांच्या किंवा वालिदांच्या नावावर आहेत. ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा काढला की समजतं. वारस नोंद झालेली नाही, वाटणी झालेली नाही, आणि गावात राहणारा भाऊ घर सांभाळतो म्हणून घर त्याचंच असं सगळे धरून चालतात. घर बंद आहे तोपर्यंत हे खपतं. ज्या दिवशी त्या घरातून पहिले दोन हजार रुपये येतात, त्या दिवसापासून प्रश्न उभा राहतो.

शरीयतप्रमाणे मुलाचे दोन हिस्से असतील तर मुलीचा एक. हा हिस्सा घराच्या भिंतींत आहे, तसाच त्या घराच्या भाड्यातही आहे. "बहिणींनी कधी मागितलंच नाही" हे वाक्य आम्ही इतक्या घरांत ऐकलंय की त्याचा कंटाळा आलाय. बहीण मागत नाही, कारण तिला माहेर तुटायला नको असतं. मागितलं नाही म्हणजे माफ केलं, असा अर्थ परस्पर काढायचा नसतो. तिने खरोखर सोडायचं ठरवलं असेल तर तो तिचा अधिकार आहे. पण तिला आधी किती येतं ते सांगा, मग विचारा.

म्हणून पहिली पायरी अशी: घर पाहुण्यांना देण्याआधी सगळ्या वारसांची एक बैठक घ्या. परदेशातले व्हिडिओ कॉलवर येतील. तीन गोष्टी कागदावर घ्या. एक, सगळ्यांची संमती आहे. ही संमती पुढे सरकारी नोंदणीतही कामाला येते. दोन, व्यवस्था कोण बघणार आणि त्याचा मेहनताना किती. हा मेहनताना त्याच्या हिश्शात मिसळायचा नाही. काम केलं त्याची ती मजुरी आहे, वारसा वेगळा. तीन, खर्च वजा जाता उरलेलं कधी वाटायचं. वर्षातून एकदा, पावसाळ्याची दुरुस्ती झाल्यावर वाटणं सोयीचं पडतं. पैसे एकाच बँक खात्यात येऊ द्या आणि त्याचं स्टेटमेंट कुटुंबाच्या ग्रुपवर टाका. निम्मे भांडण तिथेच मिटतं.

पैसे किती येतात?

रील बघून लोकांना वाटतं की महिन्याला लाख रुपये कुठे गेले नाहीत. चला, पाटीवर मांडतो तसा एक हिशेब मांडू. आकडे उदाहरणाचे आहेत, आपापल्या गावाप्रमाणे बदलून घ्या.

समजा दोन खोल्या, प्रत्येकी रात्रीचे २००० रुपये. ऑक्टोबर ते मे हे आठ महिने धरा. शुक्रवार आणि शनिवार अशा महिन्याला ८ रात्री, म्हणजे ६४ रात्री. त्यातल्या निम्म्या भरल्या तर ३२. दोन्ही खोल्या मिळून ३२ गुणिले ४०००, म्हणजे १,२८,००० रुपये.

आता खर्च. साफसफाई आणि देखरेखीला गावातली एक बाई किंवा जोडपं, महिन्याला ४००० प्रमाणे वर्षाचे ४८,०००. वीजबिल १२,०००. चादरी, टॉवेल, साबण, फिनेल, गॅस असं किरकोळ १०,०००. निम्मं बुकिंग वेबसाइटवरून आलं आणि त्यावर १५ टक्के कमिशन गेलं असं धरलं तर ९,६००. पावसाळ्याआधीची डागडुजी आणि वाळवीचं औषध २०,०००. एकूण ९९,६००. उरले २८,४००. व्यवस्था बघणाऱ्याला ४,४०० दिले तर वाटायला राहिले २४,०००. दोन भाऊ, दोन बहिणी असतील तर सहा हिस्से: भावाला आठ-आठ हजार, बहिणीला चार-चार हजार.

वर्षाचे चार हजार! ऐकून हसू येईल. पण दुसऱ्या बाजूने बघा. दुरुस्तीचे वीस हजार यातूनच निघाले, जे आधी कुवेतवाला भाऊ कुरकुरत पाठवायचा. गावातल्या एका घराला बारा महिने पगार मिळाला. घरात वारा खेळला, मोटर चालत राहिली, नळ गंजले नाहीत. घराने स्वतःचा खर्च स्वतः काढला, एवढं झालं तरी हे काम जमलं असं आम्ही मानतो. यापेक्षा जास्त आलं तर बरकत. पण नोकरी सोडून किंवा कर्ज काढून यात उतरण्यासारखं गणित हे नाही. राज्य सरकारच्या २०२३ च्या 'आई' धोरणात महिलांना पर्यटन व्यवसायाच्या कर्जावरचं व्याज ठरावीक मर्यादेपर्यंत परत मिळतं. बहिणींना, वहिनींना ही माहिती असावी. मात्र मूळ कर्ज व्याजीच असतं, तेव्हा ते घ्यायचं की नाही हे ज्याने त्याने ठरवावं.

कागदपत्रं

राज्याच्या पर्यटन विभागाची 'निवास न्याहारी' योजना आहे. तिची नोंदणी पर्यटन संचालनालयाकडे होते. घरमालकाचं कुटुंब राहतं त्याच घरातल्या काही खोल्या पाहुण्यांना द्यायच्या आणि घरचं जेवण वाढायचं, ही त्यामागची मूळ कल्पना. नोंदणीचा मोठा फायदा म्हणजे वीज, पाणी, घरपट्टी घरगुती दराने राहण्याची सोय. घरात कोणीच राहत नसेल आणि पूर्ण बंगलाच द्यायचा असेल तर तो प्रकार वेगळा धरला जातो. संचालनालयाच्या विभागीय कार्यालयात आपलं घर कशात बसतं ते आधी विचारून घ्या. जेवण देणार असाल तर एफएसएसएआयची नोंदणी लागते. छोट्या घरगुती कामाला साधी नोंदणी पुरते.

जीएसटीची भीती उगाच घेऊ नका. वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर नोंदणीची सक्ती सहसा लागत नाही. बुकिंग वेबसाइटवरून आलं तर त्यावरचा कर ती कंपनीच भरते. आयकर मात्र चुकवायचा नाही. ज्याच्या वाट्याला जेवढं आलं, तेवढं त्याच्या विवरणपत्रात दिसलं पाहिजे.

आमच्यासारख्या नोकरदारांसाठी एक वेगळी गोष्ट. सरकारी किंवा अनुदानित शाळेतल्या शिक्षकाने स्वतःच्या नावाने व्यवसाय चालवण्याआधी सेवाशर्ती वाचाव्यात आणि लेखी परवानगी घ्यावी. "सगळेच करतात" हे उत्तर चौकशीच्या वेळी चालत नाही. कुटुंबातलं दुसरं कोणी खरोखर व्यवस्था बघत असेल तर नोंदणी त्यांच्याच नावाने असलेली बरी.

नोकरी सांभाळून कसं जमवायचं?

बुकिंगचा मेसेज नेमका दुसऱ्या तासाला येतो. वर्गात फोन घ्यायचा नाही, हा नियम आधी स्वतःसाठी. म्हणून वेबसाइटवर लगेच बुकिंग होण्याऐवजी 'विनंती' चा पर्याय ठेवा आणि मधल्या सुट्टीत उत्तर द्या. नेहमीच्या प्रश्नांची उत्तरं एकदाच लिहून फोनमध्ये ठेवा: गाडी कुठपर्यंत येते, बीच किती चालत आहे, जेवणात काय, एटीएम कुठे. दिघी-आगरदांडा फेरीबोटीबद्दलही प्रत्येक जण विचारतो. मुरूडहून श्रीवर्धनकडे येणाऱ्याचा मोठा वळसा तिच्यामुळे वाचतो.

तारखांसाठी एकच वही. वेबसाइटचं बुकिंग, ओळखीतून आलेला फोन, चुलत्यांचं "आम्ही येतोय रे", सगळं त्याच वहीत. घरच्यांसाठीच्या तारखा वर्षाच्या सुरुवातीलाच बंद करून टाका: दोन्ही ईद, घरातली लग्नं, परीक्षेचे आणि पेपर तपासायचे आठवडे, निवडणुकीची ड्युटी लागली तर ते दिवस. शिक्षकाचं एक बरं असतं, दिवाळी आणि मे महिन्याची सुट्टी पर्यटनाच्या हंगामातच येते. वाईट एवढंच की ती सुट्टी मग सुट्टी राहत नाही!

ॲडव्हान्सच्या बाबतीत एका फसवणुकीपासून सावध राहा. फोन येतो, "मैं आर्मी से बोल रहा हूँ", पाच-सहा खोल्या हव्यात, भाव न करता लगेच तयार. मग म्हणतो, पैसे पाठवतोय, हा क्यूआर स्कॅन करा आणि पिन टाका. पैसे घेण्यासाठी कधीही क्यूआर स्कॅन करावा लागत नाही आणि पिन टाकावा लागत नाही. पिन टाकला की पैसे आपल्याच खात्यातून जातात. हे घरातल्या ज्येष्ठांना दोनदा सांगून ठेवा, कारण लँडलाइनच्या जमान्यातला त्यांचा विश्वास अजून तसाच आहे.

सजावटीवर खर्च करण्याआधी संडास-बाथरूमकडे बघा. पाहुणा भिंतीवरची फ्रेम विसरतो, बाथरूमचा वास विसरत नाही. गादी चांगली, चादर पांढरी आणि कोरडी, पाण्याचा जोर बरा, मच्छरदाणी, लाइट गेली तर इन्व्हर्टर. बाकीचं हळूहळू. घराच्या आत कॅमेरा अजिबात लावू नका. एअरबीएनबीने २०२४ पासून घराच्या आतल्या कॅमेऱ्यांवर पूर्ण बंदी घातली आहे, आणि बंदी नसती तरी मेहमानाच्या खोलीत डोकावणं आपल्यात बसत नाही.

दारू, जेवण आणि दारावरचं नाव

हा भाग नाजूक आहे आणि इथेच लोक गप्प बसतात. आपल्या घरात दारू चालणार नाही, तर ते जाहिरातीत पहिल्या पाच ओळींत लिहा. पाहुणा सामान घेऊन दारात उभा राहिल्यावर नियम सांगणं म्हणजे त्याचीही तकलीफ आणि आपलीही. असं लिहिल्याने काही ग्राहक जातील, हे खरंय. पण त्याच ओळीमुळे लेकरंबाळं घेऊन येणारी कुटुंबं येतात, आणि त्यांत सगळ्या धर्मांची असतात. रात्री दहानंतर मोठ्याने गाणी नाहीत, हेही लिहा. मोहल्ल्यातले शेजारी आपल्याला उरलेले सहा दिवस भेटणार असतात. फज्रची अजान ऐकू येते हे सांगून ठेवलं तर कोणी दचकत नाही. उलट काही जण त्या वेळी उठून समुद्रावर जातात.

दोन सज्ञान व्यक्तींनी एका खोलीत राहणं कायद्याने गुन्हा नाही. तरीही घरात वयस्कर आई राहते, म्हणून फक्त कुटुंबांनाच देतो असं कोणाला ठरवायचं असेल तर तेही आधीच आणि सभ्य शब्दांत लिहावं. दारात उभं करून लग्नाचं सर्टिफिकेट मागण्याचा प्रकार आम्हाला पटत नाही.

जेवणाबद्दल सांगायचं तर, हरिहरेश्वरला दर्शनाला आलेली कितीतरी कुटुंबं शाकाहारी असतात. त्यांच्यासाठी वेगळी भांडी ठेवा आणि ती वेगळी आहेत हे त्यांना दाखवा. तांदळाची भाकरी, आमटी, वालाचं बिरडं, सोलकढी यात कोकण पूर्ण आहे. मासे-मटण खाणाऱ्यांसाठी आपल्या घरचा मसाला आहेच; मटण हलाल असतं हे एका ओळीत लिहा, ज्याला बघायचंय तो बघेल. बाणकोट खाडीच्या पलीकडच्या वेळासला कासव महोत्सवाच्या दिवसांत गावकऱ्यांनी आपली घरं अशीच उघडली. तिथे लोक समुद्री कासवाची पिल्लं बघायला येतात आणि शेणाने सारवलेल्या पडवीत बसून घरचं साधं जेवण जेवतात. एसी नाही म्हणून कोणी परत जात नाही.

आणि दारावरचं नाव. काही मंडळी सल्ला देतात की जाहिरातीत आपलं नाव टाकू नका, 'सी व्ह्यू कॉटेज' एवढंच लिहा, नाहीतर बुकिंग येणार नाही. ही भीती हवेतून आलेली नाही. शहरात भाड्याने घर शोधताना नाव ऐकून फोन ठेवला गेल्याचा अनुभव आपल्यात घराघरात आहे. तरीही आमचं मत असं की नाव लपवू नये. ज्याला नावाची अडचण आहे तो नाव कळल्यावर येऊन नाराजच होणार, आणि त्याची नाराजी आपल्या रेटिंगवर उतरणार. नाव वाचून जो येतो तो मोकळ्या मनाने येतो. आणि तराजू दोन्ही बाजूंनी सारखा हवा. समोरचा कुठल्या धर्माचा, कुठल्या जातीचा, हे बघून आपणही खोली नाकारायची नाही.

समुद्राची माहिती द्या

१ फेब्रुवारी २०१६ ला मुरूडच्या समुद्रात पुण्याहून सहलीला आलेले १४ विद्यार्थी बुडाले. शाळा-कॉलेजातल्या कोणाही शिक्षकाला ही तारीख विसरता येत नाही. बाहेरून येणाऱ्याला भरती-ओहोटी कळत नाही. ओहोटीला समुद्र शांत दिसतो, म्हणून तो आत जातो. हरिहरेश्वरच्या प्रदक्षिणा मार्गावर खडकावर उभं राहून फोटो काढणाऱ्यांना लाटेने ओढून नेल्याच्या घटना घडलेल्या आहेत. त्या दिवसाच्या भरती-ओहोटीच्या वेळा खोलीत लिहून लावा. कुठे पोहायचं नाही ते स्वतः तोंडाने सांगा. पावसाळ्यात तर पाण्यात उतरू नका असंच सांगा. खोलीत प्रथमोपचाराची पेटी, जवळच्या सरकारी दवाखान्याचा रस्ता आणि ११२ हा नंबर असू द्या.

पाहुण्यांची नोंद

प्रत्येक सज्ञान पाहुण्याचं ओळखपत्र बघून वहीत नोंद करा. आधारची झेरॉक्स गोळा करून फाइलमध्ये भरून ठेवण्यापेक्षा ओळखपत्राचा प्रकार, नाव, गाव, फोन आणि आल्या-गेल्याची वेळ लिहिणं चांगलं. स्थानिक पोलीस ठाण्यात आपण खोल्या देतो हे कळवून ठेवा आणि त्यांना कोणती माहिती हवी ते विचारा.

रमजानचंही आत्ताच बघून ठेवा. दरवर्षी तो दहा-अकरा दिवस मागे सरकतो. पुढची काही वर्षं तो फेब्रुवारी-जानेवारीत, म्हणजे ऐन हंगामात येणार आहे. त्या महिन्यात खोल्या बंद ठेवायच्या, की नाश्ता वजा करून फक्त राहायची सोय द्यायची, हे घरातल्या बायकांना विचारून ठरवा. रोजा ठेवून दुपारी पाहुण्यांसाठी मासे तळायला त्यांनाच उभं राहावं लागतं.

शेवटी परदेशी पासपोर्टचा मुद्दा, जो आपल्याच घरांत सगळ्यात जास्त लागू पडतो. परदेशी नागरिक मुक्कामाला आला की त्याची माहिती २४ तासांच्या आत ऑनलाइन फॉर्ममध्ये द्यावी लागते. हा नियम गोऱ्या पाहुण्यांपुरता आहे असं अनेकांना वाटतं. पण लंडनहून किंवा केपटाउनहून आलेला सख्खा चुलतभाऊ ब्रिटिश किंवा दक्षिण आफ्रिकी पासपोर्टवर येत असेल, तर कायद्याच्या नजरेत तोही परदेशी नागरिकच आहे. त्याच्याकडून भाडं घेतलं नाही, तरीही. तो दारात उतरला, चहापाणी झालं, की आधी पासपोर्ट आणि व्हिसाचा फोटो काढून फॉर्म भरून टाका, मग गप्पांना बसा.